पिठाची अक्षरं

अनुसयाचा राग म्हणजे तुरीच्या काड्यांचा जाळ. भडकायला वेळ नाही अन् विझायलाही वेळ नाही. बालाघाटजवळ भरवेलीच्या मँगनीजच्या खदानीपासून हाकेच्या अंतरावर त्यांची वस्ती, घराला घर लागलेलं, त्यामुळे तिचा राग चार घरं पलीकडेपर्यंत सगळ्यांना पाठ होता. ती सुरू झाली की नवरा नथ्थू सायकल पुसायला बसायचा. सासरा डोमाजी डोक्यावरून गमछा ओढून खाटेवर आडवा व्हायचा, जसा काही या घरचाच नाही. आणि सात वर्षांची पुष्पलता, म्हणजे घरची पुष्पी, आईच्या पाठीमागे उभी राहून तिचे हातवारे हुबेहूब करून दाखवायची. मग नथ्थूला हसू फुटायचं, अनुसया वळून बघायची, अन् राग कुठल्या कुठे जायचा. असली माणसं रागात वाट्टेल ते बोलतात. उद्या गोड बोलू, त्यात काय एवढं, असा त्यांना भरवसा असतो.

१९६३ सालच्या फाल्गुनात पुष्पीने शाळेला दांडी मारली. मोहाची फुलं टपटप पडायला लागली होती, मग शाळेत कोण बसतो? संध्याकाळी ती दप्तरभर मोहफुलं घेऊन घरी आली. अन् पाटी? पाटी राहिली मोहाखाली, तिच्यावरून कोणाची तरी म्हैस गेली, तिचे झाले चार तुकडे. आता अनुसयाला अक्षराचा गंध नव्हता. नथ्थूला नव्हता, डोमाजीला तर नव्हताच. घरात शिकणारी ही पहिली पोरगी, यंदा दुसरीत बसलेली, आणि ती पाटी अनुसयाने लालबर्राच्या बाजारातून छातीशी धरून आणलेली. तिचं डोकंच फिरलं.

"जाय! आजपासून तुह्यासंग बोलतच नाही मी! मेली तरी बोलत नाही!"

रात्रीचं ताट पोरीपुढे सरकवलं तेही मुकाट्याने. सकाळी उठवायला हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं.

अकरा दिवस ताप हटला नाही. मान लाकडासारखी ताठ झाली. बालाघाटचा डॉक्टर म्हणाला, गर्दनतोड बुखार आहे, देवाचं नाव घ्या. त्या तापात कितीतरी पोरं हातची जातात, ही वाचली. बाराव्या दिवशी तिने डोळे उघडले तेव्हा अनुसयाच्या जिवात जीव आला.

"पुष्पे, माहे बाई, पानी देऊ?"

पुष्पीने तिच्या ओठांकडे पाहिलं. थोडी वाट पाहिली, अन् तोंड भिंतीकडे केलं. दोन दिवसांनी अंगात जरा ताकद आल्यावर तिनेच विचारलं, "अखीन किती दिवस नाही बोलशीन वो माय?"

"बोलून राह्यली ना मी! हे काय, बोलूनच राह्यली ना!" अनुसया ओरडली, रडली, पोरीचे खांदे धरून हलवले. पुष्पीने तिचे हात झटकून टाकले.

"नुसतं तोंड हालवतेस. चिडवून राह्यलीस मले."

तिच्या कानांत शिरलेले शेवटचे शब्द आईचे होते, अन् ते हे असे होते. सगळं दुखणं इथंच आहे. ते शब्द अनुसयाला परत घ्यायचे होते. एवढंच. पण घ्यायचे कसे? पोरीपर्यंत जायची वाटच बंद झाली होती.

घरात मात्र कोणी मानायला तयार नव्हतं की कान गेले. त्यालाही कारण होतं. रोज दुपारी दोनच्या सुमारास खदानीचा भोंगा व्हायचा, मग सुरुंग उडायचे, सात-आठ, एकामागून एक. फळीवरची भांडी खणखणायची. पुष्पी अंगणात येऊन बसायला लागली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने एकदम मान वर केली अन् म्हणाली, "सुरुंग उडाला."

नथ्थू त्या हप्त्यात रातपाळी करून दुपारचा घरीच होता. तो ताटावरून उठला. "ऐकते! पोरगी ऐकते माही!" खरकट्या हाताने नाचायला लागला तो. संध्याकाळी वस्तीत गूळ वाटला. बाकी काही नाही तर नाही, पण सुरुंग ऐकते म्हणजे कान जित्ते आहेत, हळूहळू उघडतील, असं सगळ्या वस्तीने ठरवून टाकलं. खदानीवर पोट असलेली माणसं ती. त्यांना सुरुंगापेक्षा मोठा पुरावा कुठला? डोमाजीने तेवढा हातावर ठेवलेला गूळ तोंडात टाकला नाही, खाटेवर जाऊन बसला. म्हातारा माणूस, कोणी लक्ष दिलं नाही.

बालाघाटच्या डॉक्टराने पुष्पीच्या मागे उभं राहून थाळी बडवली, घंटी वाजवली, टाळ्या पिटल्या. मग नथ्थूला म्हणाला, "कान गए, भैया. अब नहीं लौटेंगे. बच्ची से बुलवाते रहो, हँसी-खेल में, जैसे बने वैसे. चुप बैठ गई तो साल-छह महीने में बोलना भी भूल जाएगी." घरी येताना पुष्पी सायकलच्या दांडीवर, अनुसया मागे कॅरियरवर, अन् नथ्थू पायडल मारता मारता एकच पालुपद घोळवत होता, "डाक्टराले काय समजते? सुरुंग ऐकते ना ती!"

शाळेचे टिकाराम गुरुजी भला माणूस. आपणहून घरी आले, येताना नवी पाटी आणली, अन् तिच्यावर शाळेतल्या हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तुझे सुनाई नहीं देता. सब बोलते हैं.' पुष्पीने एकेक अक्षर जुळवत वाचलं. मग उचलून ती पाटी अंगणात भिरकावली.

"खोटं! मले ऐकू येते! सुरुंग ऐकू येते, कानात घूं-घूं करते तेबी ऐकू येते! मायनं शिकवलं तुमाले. सारेजन तिच्याच बाजूनं झाले!"

गुरुजींनी पाटी उचलली, धूळ झटकली अन् अनुसयाच्या हातात दिली. "तुम्हारे हाथ का लिखा होता तो मान जाती," असं आपलं सहज बोलून गेले बिचारे. त्यांना काय माहीत ते शब्द कोणाच्या कुठं जाऊन लागले!

त्या दिवसापासून पुष्पीने बोलणं टाकलं. भूक लागली की स्वतःच गंजातला भात काढून घ्यायची. माणसाच्या तोंडाकडे बघायची नाही. बापाने मांडीवर घेतलं तर लाकडासारखी बसायची. सुरुंग उडाला की तेवढी मान वर करायची, अन् पुन्हा खाली. अनुसयाला रोज वाटायचं, आज एक दिवस गेला. डॉक्टराने सांगितलेल्या सहा महिन्यांतला अजून एक दिवस गेला.

मग तिने ठरवलं, मीच लिवीन. पण लिवीन म्हणणं सोपं! ज्या हाताने कधी पेन्सिल धरली नाही तो हात काय लिहिणार? नव्या पाटीवर तिने दोन रेघा ओढल्या अन् पेन्सिलच मोडली. पण एक गोष्ट त्या हाताला येत होती. रोज सकाळी सडा टाकून झाला की दारात तांदळाच्या पिठाने चौक काढायचा, आपली रांगोळीच ती. अनुसयाची रेघ अशी की जाणाऱ्या-येणाऱ्या बायका पाहायला थांबायच्या. एका सकाळी तिने पुष्पीचं फाटकं पुस्तक दगडाखाली उघडं दाबून ठेवलं अन् चौकाच्या जागी त्यातलं पहिलं अक्षर काढायला बसली. चांगला तासभर खपली. निघालं काय? लंगडा बगळा. नथ्थू कामाला जाताना त्याला वळसा घालून गेला.

पुष्पी दारात आली. खाली पाहिलं. अनुसया चुलीपुढे बसून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती, फुंकणी तशीच हातात. पोरगी पायरी उतरली, पायाने तो बगळा फराफरा पुसला, डब्यातलं पीठ घेतलं अन् तिथंच दुसरं अक्षर काढलं. सरळ, सुबक 'अ'. मग आईच्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "असं."

एक शब्द. अनुसयाने चुलीपुढेच गुडघ्यांत डोकं घातलं अन् पोटभर रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने 'आ' मुद्दाम वाकडा काढला. मुद्दाम कशाचा, सरळ येत होता कुठं!

तिथून अंगणात शाळा भरायला लागली. पुष्पी गुरुजी, हातात तुराटी, विद्यार्थी तीन. आई, बाप अन् आजा. आधी हजेरी व्हायची. डोमाजी तर सत्तरीत पोरासारखा वांड झाला. स्वतः अक्षर बिघडवायचा अन् कोंबडीकडे बोट दाखवायचा, "गुरुजी, हिनं पुसलं!" मग गुरुजी त्याला आंब्याखाली कोंबडा करून उभा करायची. सत्तर वर्षांचा कोंबडा! गुडघे कटकट वाजायचे, पण बेटा वाकून 'कुकूचकू' केल्याशिवाय राहायचा नाही. पुष्पी खाली बसून हसायची, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नथ्थू बिचारा मन लावून शिकायचा, अन् सगळ्यात जास्त छड्या त्यालाच.

एक खेळ पुष्पीनेच काढला. अंगणात घरं आखायची, प्रत्येक घरात एक अक्षर, अन् लांबून खापर फेकायचं. ज्या अक्षरावर पडेल त्या अक्षराची वस्तू घरातून पळत जाऊन आणायची. 'क' वर पडलं की नथ्थू कुदळ घेऊन धावायचा, अनुसया कढई, अन् डोमाजी पुन्हा त्या कोंबडीच्याच मागे, ती पुढे हा मागे, सगळी वस्ती बघायला गोळा. चिचोक्यांची अक्षरं मांडायची. जेवायला बसलं तरी शाळा सुटायची नाही, जे लिहिता येईल तेच ताटात वाढायचं असा गुरुजींचा हुकूम. नथ्थूला दोन दिवस भात जमेना, तो नुसत्या वरणावर कामाला गेला. डोमाजीला एक 'ग' तेवढा पक्का, म्हणून म्हातारा हप्ताभर गुळावर जगला. अन् पोरगी बोलत होती! दिवसभर बोलत होती, रागवत होती, ओरडत होती, "बाबा, मात्रा! मात्रा कुठी गेली?"

डॉक्टर हेच म्हणाला होता ना, हँसी-खेल में? बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय हौशी घर आहे. अनुसयाला मात्र दोन गोष्टी खात होत्या. एक तर पोरीची बोली बदलत चालली होती. शब्दांचे शेवट गिळायला लागली होती ती. आवाज कधी एकदम चढायचा, कधी चपटा पडायचा. रोज कालच्यापेक्षा थोडा जास्त. शेजारची पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. दुसरं म्हणजे, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते राहूनच गेलं होतं. भात लिहून झाला, बैल लिहून झाला, कढई, कोंबडी, गूळ, सगळं घर लिहून झालं, अन् 'तुले ऐकू येत नाही' एवढं मात्र कोणी लिहिलं नाही. काहून? तर खेळ मोडेल. हसून राह्यली, हसू द्या. आज नको, उद्या. अनुसया रोज मनाशी म्हणायची, आज लिवीन. दोन वाजता पोरगी मान वर करून म्हणायची, "सुरुंग," अन् आईच्या मनात ती वेडी आशा पुन्हा उठून बसायची. न जाणो, उघडले तर कान?

जेठ लागला. शाळा 'ज्ञ' पर्यंत आली. अनुसयाला जमला, नथ्थूला जमला, डोमाजीचा राहिला. पुष्पी हात धुऊन त्याच्या मागे लागली. त्या दिवशी त्याने तिसऱ्यांदा चुकवला अन् सवयीप्रमाणे कोंबडीकडे बोट केलं, तेव्हा ती हसली नाही. तिने तुराटी टाकून दिली, आज्याचे दोन्ही हात धरले अन् एकदम रडायलाच लागली.

"आबाजी, कर ना! मजाक नोको करू! तुहा एवढा झाला का सगळ्याइचं झालं. मंग माय बोलते."

नथ्थू विडी पेटवत होता, काडी हातातच विझली. पुष्पी त्याच्याकडे वळली. "मी पाटी फोडली म्हनून बोलत नाही ना ती? आता मी तीन जनाइले शिकवलं. तीन!" तिने तीन बोटं वर केली. "आता तं बोलन ना बाबा? सांग ना तिले!"

अनुसया जागच्या जागी बसली. तिला वाटत होतं पोरगी खेळते आहे. अहो, कशाची खेळते! अडीच महिने ते लेकरू शिक्षा भोगत होतं, अन् आपण सगळे खापर फेकत, कोंबडीमागे धावत, खिदळत होतो. तिला स्वतःची इतकी किळस आली की जीव द्यावा असं वाटलं. मग ती ताडकन उठली अन् पिठाचा डबा घेतला.

"लिवते मी. आताच्या आता लिवते."

डोमाजीने तिचं तोंड पाहिलं, हातातला डबा पाहिला, अन् मनगट धरलं. "सूनबाई, नोको. दाराशी असं काही लिवू नये. लिवलं का ते ठरलं मंग. उघडतीन कान आज ना उद्या." एवढं बोलून त्याने पाठ फिरवली अन् नातीचे डोळे पुसायला लागला.

सासऱ्यावर अनुसयाने आजवर कधी आवाज चढवला नव्हता. पण आता भडकली ती भडकलीच. "कवा उघडतीन? ती मुकी झाल्यावर? तुमाले काय जाते मामाजी, तुमाले कोंबडा व्हाले भेटते रोज! तुमच्याच आशेपायी बसली मी गप! तुमच्यामुळं लेकरू रोज रडून राह्यलं माहं!" शेजारची तुळसाबाई दारात येऊन उभी राहिली. नथ्थू मध्ये पडायला उठला. डोमाजी मात्र तसाच पाठमोरा, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत. हूं नाही की चूं नाही.

"मामाजी!" अनुसया किंचाळली. "मामाजी!"

तो वळला नाही. अनुसयाचा राग तिथल्या तिथे विझला. ती फिरून त्याच्या समोर गेली, पदर सारखा केला अन् हळूच विचारलं, "तुमाले ऐकू येत नाही?"

म्हाताऱ्याने तिचे ओठ वाचले. मग खाटेवर जाऊन बसला अन् जमिनीकडे पाहत राहिला. "धा साल झाले," तो म्हणाला. "ठेकेदाराच्या खदानीत सुरुंगाले बत्ती देऊ देऊ कान गेले. तवा सांगतलं असतं तं कामावरून काढलं असतं. मंग तुमीच म्हनत गेले, बुडा मुद्दाम आयकत नाही, गमछा ओढून घेते. म्हटलं, म्हना. तेच बरं."

नथ्थू बापासमोर उकिडवा बसला. "पन सुरुंग, बा? रोज तं म्हनता तुमी, आज जोरात उडाला!"

"सुरुंगाले कान कायले लागते रे? पायातून येते तो." डोमाजीने टाच जमिनीवर आपटली. "मले पयल्याच दिवशी समजलं. पोरगी माह्यासारखीच आयकते. तू गूळ वाटून राह्यलता. कोन्या तोंडानं सांगू तुले?"

तेव्हा कुठं अनुसयाला लख्ख दिसलं. भोंगा सुरुंगाच्या आधी होतो, सगळ्या वस्तीचे कान फाटतात. इतक्या दिवसांत पुष्पीने भोंग्याला एकदाही मान वर केली नव्हती. एकदाही नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं ते रोज, अन् कोणी पाहिलं नाही, कारण कोणाला पाहायचंच नव्हतं.

"नुसतं लिवून नाही मानत ती," डोमाजी म्हणाला. "गुरुजीची पाटी फेकली तशी तुहं पीठ फेकन. सुरुंग आहे तोवर ती म्हनन, मले ऐकू येते. आधी तो सुरुंग काढून घ्या लागते तिचा. उद्या झोक्यावर बसव तिले."

रात्रभर अनुसयाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पोरीजवळ उरलेला तो एकच आवाज, तोही आईनेच हिसकायचा! पण दुसरी वाट कोणाला दिसत नव्हती.

नथ्थूने खाडा केला. सकाळीच आंब्याच्या फांदीला दोर टाकून झोका बांधला. पुष्पीला वाटलं नवा खेळ आहे, ती टाळ्या पिटत आली. डोमाजीने झोक्यासमोर जमिनीवर काशाची थाळी ठेवली अन् तिच्यात काठोकाठ पाणी ओतलं. दोन वाजायला आले तसं अनुसयाने पोरीला झोक्यावर बसवलं, पाय वर घ्यायला लावले अन् झोका गच्च धरून ठेवला. भोंगा झाला. पुष्पी मान मागे टाकून फांदीवरच्या कैऱ्या बघत होती.

पहिला सुरुंग उडाला. आंब्यावरचे कावळे भर्रकन उठले. थाळीतलं पाणी थरारलं. पुष्पी कावळ्यांकडे पाहून हसली.

अनुसयाने तिची हनुवटी धरून थाळीकडे वळवली. दुसरा उडाला. पाणी थरारलं. तिसरा. पोरीच्या कपाळाला आठी पडली. तिने पाण्याकडे पाहिलं, आज्याकडे पाहिलं, मग अधांतरी असलेल्या आपल्या पायांकडे पाहिलं, अन् टुणकन खाली उडी मारली. चौथा उडाला. "सुरुंग," ती म्हणाली. मग तिने दोर पकडला, दोन्ही पाय उचलून लोंबकळली अन् पाण्यावर नजर लावली. पाणी थरारलं. ती काही बोलली नाही. पाय टेकले. "सुरुंग." पुन्हा उचलले. कोणी शिकवलं नव्हतं तिला हे, तिचं तीच करत होती. अनुसयाला वाटत होतं, पुरे, आता पुरे, देवा, थांबव हे.

सातव्यानंतर पाणी शांत झालं. पुष्पी धुळीत उभी राहिली. तिने दोन्ही तळहात कानांवर दाबले, काढले, पुन्हा दाबले, पुन्हा काढले.

"सारखंच आहे," ती म्हणाली.

नथ्थू तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागला. अनुसया पिठाचा डबा घेऊन दारात, चौकाच्या जागी बसली. एकही रेघ वाकली नाही. पोरगी शेजारी उकिडवी बसून एकेक अक्षर पडेल तसं मोठ्याने वाचत गेली.

'पुष्पीले ऐकू येत नाही. माय रोज बोलते.'

पुष्पीने त्यातल्या 'रोज'वर बोट ठेवलं. मग म्हणाली, "रोज?"

अनुसयाने मान हलवली. हौ.

"मी डोळे उघडले तवा? त्या दिवशी काय बोलली?"

अनुसयाने लिहिलं, 'पानी देऊ.'

"दुसऱ्या दिवशी?"

'पेज खा.'

"मंग?"

'उठ. रडू नोको. बोलून राह्यली ना मी.' ती लिहीत गेली, पोरगी विचारत गेली. कोणत्या दिवशी काय बोललो ते कोणाला आठवतं? पण अनुसयाला आठवत होतं, त्या दिवसांतला एकेक शब्द आठवत होता. तिचं अक्षर आता दारापासून सरकत झोक्याखाली आलं. डोमाजीने आपली खाट उचलून बाजूला ठेवली. डबा रिकामा झाला तसं नथ्थूने आत जाऊन कणगीतून अजून पीठ आणलं. पुष्पी आईच्या हाताला चिकटून पुढे पुढे सरकत होती.

"डाक्टराकडून आलो त्या दिवशी?"

अनुसयाचा हात थांबला.

खरं सांगायचं तर त्या दिवशी ती बोलली नव्हती. सायकलवरून उतरली तीच मनातून खचून. ऐकणारच नाही तर बोलून काय, असं वाटलं तिला. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पोरीला न्हाऊ घातलं, वेणी घातली, ताट दिलं, अन् तोंडातून शब्द काढला नाही. आठ दिवस. म्हणजे ते आठ दिवस पोरीचंच खरं होतं. आई खरोखरच बोलत नव्हती. हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, नथ्थूलाही नाही. अन् आता काहीही लिहिता आलं असतं. भात खा. झोप. ये माह्याजवळ. कोण तपासायला येणार होतं? पुष्पी तिच्या चिमटीकडे टक लावून बघत होती.

अनुसयाने लिहिलं, 'नाही बोलली.'

पुष्पीने वाचलं. पुन्हा एकदा बोट फिरवत वाचलं. तिचं नाक लाल झालं.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "किती दिवस?"

अनुसयाने आठ बोटं दाखवली. वर बघायची तिची छाती झाली नाही. आता ही पायाने सगळं पुसून टाकणार, अन् पुसलं तर तिला कोण काय म्हणणार? पुष्पी त्या दोन शब्दांपाशी गुडघ्यांना मिठी मारून बसून राहिली. नथ्थू काही बोलायला पुढे आला, तर डोमाजीने त्याला हाताने अडवलं. मग पोरीने फ्रॉकला नाक पुसलं अन् पिठाचा डबा आईकडे सरकवला.

"मंग नवव्या दिवशी?"